पाठ कोणता घ्यावयाचा?

गेल्या आषाढांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी ओसरीवर बसली होती. बाहेर पावसानें धरलें होतें. इतक्यांत आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें एक वार्ता सांगितली आणि सर्वांचें बोलणें एकाएकीं थांबलें. ही मुलगी संगणकशास्त्राची पदवीधर. पुण्यास एका कंपनींत तीन वर्षें नोकरीस होती, आणि तिचा पगार असा कीं आमचें अखेरचें वेतन तिच्यापुढें सांगण्यास संकोच वाटावा.

"मी नोकरी सोडणार आहें," ती म्हणाली. "दोन वर्षें पुनः विद्यार्थिनी होणार. विषय डिजिटल ह्युमॅनिटीज."

"म्हणजे काय?" बंधूंनीं विचारलें.

"म्हणजे थोडा काकांचा विषय आणि थोडा माझा."

बंधु आमच्याकडे वळले. "दादा, आतां तुम्हीच सांगा हिला. हातची भाकरी टाकून पोथ्या कुरवाळीत बसलें तर पोट भरतें काय?"

आम्ही मॅट्रिक होऊन पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि पस्तीस वर्षें शाळेंत तोच विषय शिकविला. त्यामुळें पोथी, श्लोक, मुहूर्त असें कांहीं निघालें म्हणजे शेवटचा शब्द आमचा, अशी घरांत वहिवाट पडली आहे. त्या रात्रीं मात्र आम्हांस निर्णय देतां आला नाहीं. कारण ज्या विषयाचा निर्णय द्यावयाचा त्याचें नांवही आम्हीं प्रथमच ऐकलें होतें. "एक महिन्याची मुदत द्या," एवढेंच आम्ही बोललों. त्या महिन्यांत जें पाहिलें व जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण आज अनेक सुशिक्षित घरांतून हाच प्रश्न या ना त्या रूपानें निघत असेल.

दुसऱ्याच दिवशीं आमच्या अभिमानाची परीक्षा झाली. आम्हांस तरुणपणापासून एक छंद आहे. महाभारतांत दैव श्रेष्ठ कीं पुरुषप्रयत्न श्रेष्ठ, हा वाद ठिकठिकाणीं येतो. 'दैव' हा शब्द कोठें, कोणाच्या मुखीं व कोणत्या प्रसंगीं येतो याची नोंद आम्ही वह्यांतून करीत आलों आहों. एका उद्योगपर्वास उन्हाळ्याच्या चार सुट्या लागल्या. मुलीनें त्या वह्या आदरानें चाळल्या, मग आपला संगणक उघडला, दोन अक्षरें लिहिलीं, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सबंध पर्वांतील स्थळांची यादी आमच्यापुढें उभी राहिली. खरें सांगावयाचें तर आम्हांस वाईट वाटलें. चार उन्हाळे डोळ्यांपुढून गेले.

परंतु शिक्षकाचा स्वभाव जात नाहीं. चष्मा पुसून आम्हीं ती यादी तपासावयास घेतली, तों थोड्याच ओळींत 'सदैव' आढळलें. पुढें 'तदैव' आणि 'यदैव' हींही निघालीं. तदा आणि एव यांचा संधि होऊन तदैव होतें. त्यांत दैवाचा लवलेश नाहीं. पण यंत्रास अक्षरें दिसतात, संधि दिसत नाहीं. देवता या अर्थाचा 'दैवत' शब्दही त्यानें दैवांतच ओढला होता. उलट दिष्ट, विधि, भागधेय, कृतान्त हे दैवाच्याच अर्थानें येणारे शब्द त्याच्या यादींत नव्हते. आमच्या वहींत होते. आम्हांस जरा हायसें वाटलें. पण तें फार वेळ टिकलें नाहीं. यादी व वही शेजारीं ठेवून पाहतां तीन स्थळें आमच्या नजरेंतून सुटल्याचें दिसलें, आणि त्यांतील एक असें होतें कीं तें लक्षांत घेतां आमचें एक आवडतें अनुमान ढिलें पडत होतें.

मुलगी म्हणाली, "काका, तुमच्याकडून सुटतें तें यंत्राला सांपडतें आणि यंत्राला कळत नाहीं तें तुम्हांला कळतें. मला या दोहोंच्या मधलें काम शिकावयाचें आहे."

मराठींत या विद्येस अंकीय मानव्यविद्या म्हणूं. भाषा, वाङ्मय, इतिहास, शिलालेख, हस्तलिखितें हे तिचे विषय. संगणक हें तिचें साधन. नांव नवें असलें तरी विद्या कालपरवांची नव्हे. तिचा आरंभ बहुधा रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूंपासून सांगतात. तेराव्या शतकांतील तत्त्ववेत्ता टॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांतील सान्निध्याच्या कल्पनेचा बुसा अभ्यास करीत होते. तो करतांना त्यांस दिसून आलें कीं, मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांपेक्षां 'आंत' या अर्थाच्या एका चिमुकल्या लॅटिन अव्ययांतच ग्रंथकाराचें मर्म सांठविलें आहे. त्या अव्ययाच्या सुमारें दहा हजार नोंदी त्यांनीं हातानें चिठ्ठ्यांवर उतरल्या. मग १९४९ सालीं ते न्यूयॉर्कला गेले आणि आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख टॉमस वॉट्सन यांस भेटून हिशेबाचीं यंत्रें या कामास मागितलीं. तीं मिळालीं. छिद्रांच्या चिठ्ठ्या तयार करण्याचें कष्टाचें काम बहुतांशीं तरुण स्त्रियांनीं केलें. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूची तीस वर्षांनीं, म्हणजे १९८० च्या सुमारास, छप्पन्न खंडांत पुरी झाली.

एका अव्ययासाठीं एवढा खटाटोप! वरवर पाहणारास हें वेड वाटेल. पण आपल्याकडेही हें वेड जुनेंच आहे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचा ऋषि, देवता, छंद व ऋचांची संख्या नोंदली आहे. कर्नल जेकब यांनीं प्रमुख उपनिषदें व गीता यांतील शब्दांचा कोश रचला, तो १८९१ सालीं मुंबईस छापला गेला. आणि पुण्यांत या कामाचें जें शिखर गांठलें गेलें, त्याचा परिचय आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. परंतु तें काम कसें झालें हें थोडक्यांत सांगितल्याखेरीज पुढील मुद्दा कळणार नाहीं.

महाभारताची पोथी देशोदेशीं वेगळी. लिहिणारा थकतो, ओळ गाळतो, समासांतील टीप मुळांत घुसडतो. कधीं एखादी गोड कथा सोडवत नाहीं म्हणून भरही घालतो. कोपरगांवचे नीलकंठ चतुर्धर यांनीं सतराव्या शतकांत काशीस बसून निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमविल्या व त्यांतील पाठ पाहून आपली प्रसिद्ध टीका लिहिली. पण सर्व हिंदुस्थानांतील पोथ्या शास्त्रशुद्ध रीतीनें ताडून पाहण्याचें काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलें. १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर होते. हे गृहस्थ मुळांत केंब्रिजला गणित शिकलेले, आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृताचे पंडित झालेले. १९४३ सालीं ते वारले, पुढें डॉ. बेलवलकर व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं धुरा वाहिली, आणि १९६६ सालीं तें महत्कार्य एकोणीस खंडांत समाप्त झालें. त्यासाठीं १२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम् अशा नाना लिप्यांतील त्या पोथ्या. कागदावर वर एक श्लोक लिहावयाचा आणि खालीं प्रत्येक पोथींतील फरक अक्षरशः मांडावयाचा, अशी ती पद्धति. यानंतर वैद्यांनीं श्लोकचरणांची सहा खंडांची सूचीही सिद्ध केली.

त्यांत आमच्या मतें सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, जें मुळांत घेतलें नाहीं तें फेंकूनही दिलें नाहीं. व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें ही कथा आपण सर्व लहानपणीं ऐकली आहे. पोथ्या ताडून पाहतां ती मागाहूनची ठरली, म्हणून संपादकांनीं ती मुख्य संहितेंतून काढली. पण परिशिष्टांत ती जशीच्या तशी छापली आहे. कोणता पाठ घेतला, कोणता सोडला आणि सोडलेला कोणत्या पोथींत आहे, हें वाचकास उघड सांगितलें आहे. उद्यां कोणास निर्णय चुकला असें वाटलें तर फेरविचाराचें सर्व साहित्य त्याच पानावर तळाशीं आहे.

आतां मुलीनें यादी काढली ती कोणत्या ग्रंथावरून, हें सांगावयास हरकत नाहीं. जपानांतील क्योतो विद्यापीठाचे प्रा. मुनेओ तोकुनागा व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याच्या या आवृत्तीचा पाठ संगणकावर चढविला. केंब्रिजचे डॉ. जॉन स्मिथ यांनीं इतर मदतनीसांसह तो सुधारून घेतला. १९९९ सालीं तो पुण्याच्या संस्थेच्याच नांवानें विद्वानांस खुला झाला. पुण्यास सत्तेचाळीस वर्षांत जें सिद्ध झालें तें असें जपान व इंग्लंड यांची प्रदक्षिणा करून आमच्या ओसरीवर आलें. मात्र त्या पाठाबरोबर तळाचे पाठभेद आले नाहींत. ओळोओळीचे फरक दाखविणाऱ्या त्या टीपा जाड्या छापील खंडांतच राहिल्या. मुलगी म्हणते, "काका, झाड आलें, मुळ्या मागें राहिल्या. त्या आणावयास माणसें पाहिजेत. आणि तीं संस्कृत जाणणारीं पाहिजेत."

या विद्येंत शिकवितात काय, हें आम्हीं तिच्याकडून विद्यार्थ्यासारखें समजून घेतलें. पहिला धडा बाराखडीचा आहे, आणि तो आम्हांस फार गोड लागला. संगणकास अक्षर कळत नाहीं, आंकडा कळतो. म्हणून जगांतील सर्व लिप्यांच्या अक्षरांस ठराविक आंकडे वांटून दिले आहेत. या व्यवस्थेस युनिकोड म्हणतात. १९९१ पासून ती चालू आहे व आरंभापासून तींत देवनागरी आहे. हिंदी लिप्या संगणकावर आणण्याच्या कामांत पुण्याच्या सी-डॅक संस्थेचाही मोठा वांटा आहे. या व्यवस्थेंत 'क' म्हणजे २३२५. पण 'ज्ञ' ला स्वतंत्र आंकडा नाहीं! तो ज, पाय मोडण्याचें चिन्ह आणि ञ असा तीन आंकड्यांनीं, म्हणजे २३३२, २३८१ व २३३४ यांनीं लिहावा लागतो. उच्चारानें आम्हीं जन्मभर त्यास 'द्न्य' केलें. यंत्रानें मात्र त्याची व्युत्पत्ति राखली, हें पाहून एका व्याकरणाच्या मास्तरास किती आनंद झाला असेल याची कल्पना वाचकांनीं करावी.

दुसरा धडा खुणांचा. पोथींतील ओळ नुसती उतरून भागत नाहीं. हें विशेषनाम, हा श्लोकार्ध, येथें लेखकानें हरताळ लावून अक्षर खोडलें, येथें समासांत दुसऱ्या हातानें लिहिलें, अशा खुणा ओळीबरोबर नोंदाव्या लागतात. त्या खुणा सर्व देशांत एकसारख्या असाव्या म्हणून १९८७ पासून विद्वानांनीं नियम बसविले आहेत. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठानें रवींद्रनाथांचीं हस्तलिखितें व छापील आवृत्त्या यांचा असाच मोठा संग्रह करून २०१३ सालीं लोकांस खुला केला. कवीनें कोणता शब्द खोडून कोणता घातला हें तेथें ओळीस ओळ लावून पाहतां येतें.

तिसरा धडा संधीचा, म्हणजे आमच्या 'तदैवा'चा. फ्रान्समधील गणकशास्त्रज्ञ जेरार ह्युए यांनीं संस्कृत वाक्य घेऊन त्याचे संभवनीय पदच्छेद दाखविणारें साधन रचलें. एका साध्या वाक्याचेही व्याकरणदृष्ट्या शक्य असे कितीतरी छेद निघतात. त्यांतील सार्थ कोणता हें निवडणें हाच खरा पेंच. त्यांच्याच पुढाकारानें २००७ सालीं पॅरिसजवळ या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद् भरली. तिसरी २००९ सालीं हैदराबादेस झाली. हैदराबाद विद्यापीठांत डॉ. अंबा कुलकर्णी यांनीं पाणिनीय व्याकरण व शाब्दबोध यांच्या आधारें संस्कृत वाक्यांचा अन्वय लावणारीं साधनें उभीं केलीं आहेत. म्हणजे आमच्या पाठशाळेंत जें 'कारक' म्हणून घोकलें तें तेथें यंत्रास शिकविलें जातें.

चौथा धडा संदेशाचा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९४८ सालीं असें दाखविलें कीं, संदेश वाटेंत बिघडणारच असें धरून त्यांत जाणूनबुजून कांहीं द्विरुक्ति ठेवली तर ऐकणारास चूक ओळखतां व सुधारतां येते. हें ऐकतांच आम्हांस घनपाठ आठवला. पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पहिलें-दुसरें-तिसरें, मग उलट, मग पुनः सुलट, अशीं पदें म्हणतांना एखादा स्वर जरी हालला तरी तो लगेच कानास खटकतो. म्हणून ऋषींस तारायंत्रविद्या अवगत होती असें म्हणावयाचें नाहीं. तसले दावे करून आपण आपलेंच हंसें करून घेतों. जपून पुढें द्यावयाच्या वस्तूची काळजी वाहणारीं माणसें निरनिराळ्या काळीं सारख्याच युक्तीशीं येऊन पोंचतात, एवढेंच त्यावरून दिसतें.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. अलीकडे प्रश्न विचारतांच माणसासारखें बोलून उत्तर देणारीं यंत्रें निघालीं आहेत. एका श्लोकाचा ठाव आम्हीं अशा एका यंत्रास विचारला. त्यानें पर्व, अध्याय व श्लोक यांचे आंकडे असे ठासून सांगितले कीं एखादा दशग्रंथीही दबून जावा. खंड उघडून पाहिलें तों त्या जागीं तो श्लोक नव्हता. विद्यार्थी चुकतो तेव्हां त्याचा आवाज तरी अडखळतो. या यंत्राचा आवाज अडखळत नाहीं. ज्याला खंड उघडून पाहतां येतो असा माणूस घरोघर नाहीं, निदान गांवोगांव तरी राहिला नाहीं, तर पुढील पिढीस खरा पाठ व बनावट पाठ यांतील भेद कोण सांगणार?

येथवर आमचें मत मुलीच्या बाजूनें झुकलेंच होतें. पण निर्णय झाला तो निराळ्याच कारणानें, आणि तें सांगतांना आम्हांस आपला एक अपराध कबूल करावा लागत आहे.

एके दिवशीं मुलगी म्हणाली, "काका, त्या १२५९ पोथ्या कोठून तरी, कोणाच्या तरी घरांतूनच आल्या असतील ना? मग आपल्या घरच्या पोथ्या कोठें आहेत?"

आम्ही गप्प बसलों. आमच्या घरीं चाळिसांवर पोथ्या होत्या. आमच्या पणजोबांनीं त्यांतील कांहीं स्वहस्तें लिहिल्या होत्या. १९८३ च्या पावसाळ्यांत माजघराचें छप्पर गळूं लागलें. माळा उतरवून पाहतां कित्येक रुमालांस वाळवी लागलेली. वडील त्यापूर्वींच निवर्तले होते. घरांत संस्कृत जाणणारे आम्हीच. सर्वांनीं आम्हांस विचारलें, यांचें काय करावयाचें? आम्हीं चार पानें चाळलीं, महाभारतच आहे असें पाहिलें आणि म्हणालों, "चित्रशाळेची छापील प्रत आपल्याकडे आहे. मग या खराब पोथ्यांचें काय काम?" आणि ते रुमाल आम्हींच कृष्णेस अर्पण केले. शास्त्रोक्त केलें असें तेव्हां वाटलें होतें. छापील प्रत असणें हेंच पोथी राखण्याचें खरें कारण आहे. कारण तिचें मोल ती छापील प्रतीहून जेथें वेगळी पडते तेथें आहे. ही गोष्ट त्या वेळीं आमच्या गांवींही नव्हती.

हें सर्व मुलीस सांगितलें. मातोश्री जवळच वाती वळीत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, हल्लीं त्या फारशा बोलत नाहींत. त्या म्हणाल्या, "अरे, एक आहे." आम्हांस अर्थ लागेना. त्यांनीं आपल्या लांकडी पेटीची किल्ली मुलीच्या हातीं दिली. जुन्या लुगड्यांच्या तळाशीं तांबड्या रुमालांत बांधलेली एक पोथी निघाली. "मामंजी चातुर्मासांत ही वाचावयाचे," मातोश्री म्हणाल्या. "तूं शिकलेला. तुला कोण सांगणार? म्हणून मीं उचलून ठेवली." चाळीस वर्षें त्यांनीं ती गोष्ट आम्हांस लाजवूं नये म्हणून बोलून दाखविली नव्हती.

ती पोथी उद्योगपर्वांतील विदुरनीतीची आहे. मुलीनें एकेका पानाचीं दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेतलीं. यंत्रास तें हस्ताक्षर वाचतां येईना. आम्हीं वाचावें व तिनें लिहावें, अशा रीतीनें पंधरा दिवस सकाळचा एक प्रहर गेला. दोन ठिकाणीं पणजोबांनीं समासांत वेगळा पाठ टिपला होता. आमचें मन उतावीळ झालें. डॉ. सुशीलकुमार दे यांनीं संपादिलेला उद्योगपर्वाचा खंड मिळवून तळटीपा पाहिल्या. पहिला पाठ तेथें नोंदलेलाच होता. म्हणजे शोध कांहीं लागला नाहीं. दुसरा मात्र कोणत्याही टीपेंत आढळला नाहीं. तो पणजोबांच्या लेखणीचा प्रमाद, कीं या खोऱ्यांत चालत आलेला जुना पाठ? एका पोथीवरून हें ठरत नाहीं. त्याच हातच्या, त्याच गांवच्या आणखी दहा पोथ्या असत्या तर कदाचित् ठरलें असतें. त्या दहा पोथ्या आमच्याच घरांत होत्या.

महिना संपला तेव्हां आम्हीं बंधूंस सांगितलें कीं मुलीस जाऊं द्यावें, आणि शुल्काचा अर्धा भार आमच्या निवृत्तिवेतनांतून उचलूं. ते म्हणाले, "दादा, पैशाचा प्रश्न नाहीं. दोन वर्षांनीं हिला कोणी कामावर घेतलें नाहीं तर?" या प्रश्नाचें छातीठोक उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि आजही नाहीं. जोधपूरच्या आय. आय. टी. सारख्या मोठ्या शिक्षणसंस्थेनेंही हा विषय पदव्युत्तर वर्गास घातला आहे, एवढें आम्हीं सांगितलें. पण विषय शिकविला जातो म्हणून जागा निघतातच असें नाहीं, हें आम्हां शिक्षकांस पुरतें ठाऊक आहे. शेवटीं भावजय म्हणाल्या, "तिची विद्या तिच्या हातांत आहे; नोकरी पुनः मिळेल. सासूबाईंच्या पेटींतलें काम आणखी कोण करणार?" बंधूंनीं होकार दिला. खुषीनें दिला असें म्हणवत नाहीं, पण दिला. मुलगी श्रावणांत गेली.

वाचकांस आमची एवढीच विनंति. आपल्या माळ्यावर, देवघरामागें, आजीच्या पेटींत एखादा रुमाल असेल तर तो नदीस अर्पण करण्यापूर्वीं थांबावें. पानांचा क्रम मोडूं नये. फाटलें म्हणून चिकटपट्टी लावूं नये. उन्हांत वाळवूं नये. काचकागदांत कायमचें बंद करूं नये. स्वच्छ सुती कापडांत बांधून कोरड्या जागीं ठेवावें. प्रत्येक पानाचीं दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावीं. मोबाईल आतां प्रत्येकाच्या हातीं आहेच. शेवटच्या पानावर लेखकाचें नांव, गांव व शक असतो, तो उतरून ठेवावा, आणि जवळच्या हस्तलिखित-संग्रहास किंवा विद्यापीठास कळवावें. पोथी द्यावयाची कीं नाहीं हें मागाहून ठरवितां येईल. आणि घरांतील एखादें मूल या वाटेस जाऊं म्हणालें तर निदान एक महिना त्याचें ऐकून घ्यावें.

आमचें म्हणाल तर 'दैवा'च्या वह्या आम्हीं पुनः काढल्या आहेत. मुलगी दर रविवारीं एकेका पर्वाची यादी पाठविते. आम्ही 'तदैव' व 'सदैव' खोडतों, 'दिष्ट' व 'कृतान्त' भरतों आणि परत पाठवितों. मातोश्रींची पोथी नव्या तांबड्या रुमालांत देवघरांत ठेवली आहे. पेटीची किल्ली मात्र त्यांनीं अजून आमच्या हातीं दिलेली नाहीं; ती नातीच्या नांवानें राखून ठेविली आहे.